बॉम्बे हाउस आणि मुळशी : १९२४ सालचे दोन पत्ते

१/
फोर्ट भागातील होमी मोदी स्ट्रीटवरच्या २४ क्रमांकाच्या इमारतीविषयी समाजमाध्यमांवर काही लिहिले गेले, की दोन गोष्टी हमखास येतात. एक, वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट. दुसरी, तिथली कुत्री. २०१८ च्या नूतनीकरणात रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी तळमजल्यावर खास खोली ठेवली गेली. ती बातमी इतकी गाजली, की बॉम्बे हाउस म्हणताच अनेकांच्या डोळ्यांसमोर प्रथम गार फरशीवर निवांत पसरलेले एखादे कुत्रे येते. गोष्ट खरी आहे आणि गोडही आहे. पण शंभर वर्षांच्या कचेरीचा इतिहास एवढ्यावर संपत असेल, तर तो इतिहास कोणी तरी फार लवकर आवरता घेतला आहे.

२/
या धाग्याचे म्हणणे एकाच वाक्यात सांगता येते. बॉम्बे हाउसचा इतिहास मुळशीशिवाय सांगितला, तर तो अर्धा राहतो. उरलेला अर्धा भाग मुंबईपासून बराच दूर, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमापाशी पाण्याखाली आहे.

३/
आधी इमारत.

पहिल्या महायुद्धानंतर टाटा समूहाचा व्याप वाढला होता. पोलाद, कापड, वीज, हॉटेल, बँक असे बरेच काही एका छत्राखाली आले होते. जुनी कचेरी नवसारी बिल्डिंगमध्ये होती, ती अपुरी पडू लागली. जवळच्याच ब्रूस स्ट्रीटवर मुंबई महानगरपालिकेकडून जागा घेण्यात आली आणि तिथे नवी इमारत उभी राहिली. मालाडचा दगड, तळमजल्यावर कमानींची रांग, वर शिस्तीत बसवलेल्या खिडक्या, आणि मनोरा, घुमट असला कोणताही दिमाख नाही. २९ जुलै १९२४ रोजी ती खुली झाली. पुढे रस्त्याचे नाव बदलले. टाटांचे संचालक आणि फिरोजशहा मेहतांचे चरित्रकार सर होमी मोदी यांचे नाव त्याला मिळाले. शहराचे नावही १९९५ मध्ये बदलले. इमारतीचे मात्र ‘बॉम्बे हाउस’ हेच राहिले.

४/
विटेट हा मूळचा स्कॉटलंडचा. १९०४ मध्ये तो भारतात आला, जॉन बेगच्या हाताखाली काम केले आणि मुंबई सरकारचा सल्लागार वास्तुरचनाकार झाला. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) त्याचे, गेटवे ऑफ इंडिया त्याचा. नंतर सरकारी नोकरी सोडून तो टाटांच्या अभियांत्रिकी कंपनीत आला. १९२६ मध्ये, पन्नाशीही न गाठता, मुंबईतच वारला.

म्युझियमच्या घुमटासाठी त्याने विजापूरकडे पाहिले, गेटवेच्या कमानीसाठी गुजरातच्या सोळाव्या शतकातील वास्तूंकडे. बॉम्बे हाउसमध्ये असे काही नाही. ही कामाची इमारत आहे, आणि तिच्या संयमाचे कौतुक करणाऱ्यांचे काही चुकत नाही.

५/
१९२४ हे साल मात्र वरवर दिसते तितके संयमी नव्हते.

युद्धोत्तर मंदीने टाटांच्या पोलाद कंपनीचे कंबरडे मोडले होते. जमशेदपूरच्या कामगारांचे पगार भागवायला पैसा नाही, अशी वेळ आली. सर दोराबजी टाटांनी आपली वैयक्तिक मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवून सुमारे एक कोटी रुपयांचे कर्ज उभे केले. त्यात लेडी मेहरबाईंचे दागिने होते आणि २४५ कॅरटचा प्रसिद्ध ‘ज्युबिली’ हिराही होता. नव्या कचेरीची दारे उघडली, त्याच वर्षीची ही गोष्ट. टाटांच्या इतिहासात ती अभिमानाने सांगितली जाते, आणि अभिमान वाटावा अशीच ती आहे. कंपनी वाचवण्यासाठी मालकाने घरातले सोने बाहेर काढले.

त्याच कंपनीसमूहासाठी त्याच वर्षांत आणखीही काही घरे आतले सगळे बाहेर काढत होती. ती मुळशी खोऱ्यात होती.

६/
हे समजण्यासाठी तेरा वर्षे मागे जावे लागते. १९११ साली मुंबईचा गव्हर्नर होता सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क. ८ फेब्रुवारी १९११ रोजी त्याने लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसवली. त्यानंतर दोन महिने होण्याच्या आत, ३१ मार्च १९११ रोजी, अपोलो बंदरावर गेटवे ऑफ इंडियाची कोनशिलाही त्यानेच बसवली. एका कोनशिलेचे छायाचित्र घेण्यासाठी रोज हजारो लोक जातात. दुसरीमुळे शहराचे चाक फिरू लागले.

७/
कल्पना जुनी होती. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस साठवायचा, तो नळांतून कोकणच्या बाजूला खाली सोडायचा, त्यावर वीज तयार करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना विकायची. डेव्हिड गॉसलिंग या अभियंत्याने हा विचार मांडला आणि जमशेटजी टाटांनी उचलून धरला. ते १९०४ मध्ये गेले. पुढचे काम मुलांनी केले. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले, १९२२ मध्ये आंध्रा खोऱ्याच्या पाण्यावर भिवपुरीचे. मुळशीची योजना तिसरी. तिच्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली.

८/
हे सारे मुंबईच्या हिताचे होते, यात वाद नाही. गिरण्या कोळशावर चालत. तो कोळसा दूर बंगाल-बिहारच्या खाणींतून यायचा, महाग पडायचा आणि गिरणगावाच्या आकाशात धुराचा थर साचवायचा. पाण्यावरची वीज स्वच्छ होती आणि देशी भांडवलावर उभी होती. स्वदेशीच्या काळात एका भारतीय कंपनीने आशियात नाव घ्यावे असे काम करून दाखवले. टिळकांच्या पिढीतील कितीतरी लोकांना त्याचे मनापासून कौतुक होते.

मुळशीचा प्रश्न अवघड झाला तो म्हणूनच. गोऱ्या साहेबाविरुद्ध सत्याग्रह करणे सोपे नसले, तरी समजायला सोपे होते. समोर ‘आपलीच’ कंपनी उभी असताना काय करायचे?

९/
मुळशी खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावे बुडणार होती, सुमारे अकरा हजार माणसे उठणार होती. भाताचा प्रदेश. आंबेमोहोरासाठी या मावळपट्ट्याचे नाव आजही घेतले जाते. पाऊस प्रचंड, खाचरे पिढ्यान्‌पिढ्या बांधून काढलेली. भाताचे खाचर म्हणजे नुसती जमीन नव्हे. उतारावर बांध घालून, माती धरून, पाणी अडवून ते घडवावे लागते. एका आयुष्यात होणारे हे काम नाही. म्हणूनच ‘दुसरीकडे तेवढीच जमीन घ्या’ हे वाक्य पुण्या-मुंबईच्या टेबलावर जितके वाजवी वाटे, तितके खाचराच्या बांधावर वाटत नसे.

१०/
कायदा मात्र टेबलाच्या बाजूचा होता. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात सातवा भाग खास कंपन्यांसाठी होता. सरकारने शेतकऱ्याकडून जमीन घ्यायची आणि कंपनीला द्यायची. शेतकऱ्याने हरकत घेतली, तर ती मोबदल्याच्या आकड्यावर चालणार. जमीन द्यायचीच नाही, या म्हणण्याला कायद्यात जवळजवळ जागाच नव्हती.

मुळशीने तेच म्हटले. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. ती किंमत वाढवून घेण्याची भाषा नव्हती, हे विसरता कामा नये. मुळात विकायचे की नाही, हा हक्क ते मागत होते.

११/
१६ एप्रिल १९२१. रामनवमी. सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पडले. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव हिंडून ही माणसे उभी केली होती. पुढे पांडुरंग महादेव बापट आघाडीवर आले. पारनेरचे बापट एडिंबरोला शिकायला गेले होते, पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून परतले होते, आणि आता निःशस्त्र शेतकऱ्यांच्या पुढे उभे होते. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. आज सेनापती बापट म्हटले, की स्वातंत्र्यसैनिक एवढेच आठवते. कोणाच्या विरोधात ते सेनापती झाले, हा प्रश्न शाळेच्या पुस्तकात विचारला जात नाही.

१२/
गांधीजींनी एप्रिल १९२१ मध्येच ‘यंग इंडिया’त मुळशीवर लिहिले. टाटांनी कायदेशीर हक्कावर अडून बसू नये, लोकांशीच बोलावे, असा त्यांच्या लेखनाचा रोख होता. टाटांनी सहा महिने काम थांबवण्याचे मान्य केले. पहिली फेरी सत्याग्रहींनी जिंकली, असे त्या उन्हाळ्यात वाटले असावे.

वर्षअखेरीस काम पुन्हा सुरू झाले. मग अटका आल्या, तुरुंग आले. स्त्रियाही तुरुंगात गेल्या.

१३/
आता गैरसोयीचा भाग. मुळशी हरली ती केवळ कंपनी आणि सरकार यांच्यामुळे नव्हे.

खोऱ्यातील बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांची होती. कसणारे कूळ वेगळे, मालक वेगळा. मालकाला जमीन म्हणजे रक्कम, कुळाला जमीन म्हणजे जगणे. सत्याग्रहाच्या व्यासपीठावर दोघे काही काळ एकत्र दिसले. मोबदल्याची बोलणी सुरू झाली तेव्हा मात्र मालकाला वाटाघाटीत रस होता आणि कुळाला वाटाघाटीत जागाच नव्हती. राजेंद्र व्होरा यांनी मुळशीचा सविस्तर अभ्यास केला, तेव्हा ही दुफळी नेमकी दाखवून दिली. पुण्याचे राजकारण मावळ्यांच्या नावाने बोलत होते. मावळे स्वतः काय म्हणत होते, हे शोधण्यासाठी आजही कागद बारकाईने चाळावे लागतात.

म्हणून ‘टाटा विरुद्ध मुळशी’ एवढेच लिहून थांबणे हाही एक प्रकारचा आळस आहे. नारायण पेठेतले आणि सदाशिव पेठेतले वाडे या गोष्टीत आहेत.

१४/
१९२४ पर्यंत लढा थकला होता. बहुतेक मालकांनी पैसे घेतले होते. गांधीजींचे मतही आता लढा आवरावा असे झाले होते. बापटांना ते मान्य नव्हते. वर्षाच्या अखेरीस त्यांनी थोड्या साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली, या वेळी हातात शस्त्र घेऊन. अहिंसेच्या चौकटीत ते बसत नव्हते, आणि बापट त्याची जबाबदारी टाळणारे नव्हते. शिक्षा सात वर्षांची झाली. ते बाहेर आले १९३१ मध्ये.

१५/
एकाच वर्षाचे पंचांग पाहा.

२९ जुलै १९२४ : बॉम्बे हाउस खुले.
४ डिसेंबर १९२४ : व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगच्या हस्ते गेटवे ऑफ इंडियाचे उद्घाटन.
१९२४ ची अखेर : मुळशीत शेवटचा प्रतिकार, बापट तुरुंगात.

पहिल्या दोन वास्तू एकाच माणसाच्या रेखाटनांतून उतरल्या आणि त्यांच्यामधले अंतर पायी वीस मिनिटांचे. तिसऱ्या घटनेला वास्तू नाही. म्हणून वारसाफेरीत ती येत नाही. वारसाफेऱ्यांना दगड लागतो. जे दगडात उभे राहिले त्याच्यासमोर थांबता येते, जे पाण्याखाली गेले त्याच्यासमोर थांबणार कुठे?

१६/
१९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. पूर्वेकडे, पुण्याच्या दिशेने वाहणारे पाणी वळून कोकणात उतरू लागले. ते आजही उतरते. पुण्याची तहान वाढू लागली तसा ‘मुळशीचे पाणी पुण्याला द्या’ हा विषय दर काही वर्षांनी वर येतो, तेव्हा वाद १९२१ च्याच जागी येऊन उभा राहतो : हे पाणी कोणाचे?

मध्येच एक नोंद. १९२९ मध्ये, पैशाच्या तंगीपायी, टाटांनी वीज कंपन्यांच्या व्यवस्थापनात एका अमेरिकन कंपनीला भागीदार करून घेतले. ज्या स्वदेशीसाठी खोऱ्याने त्याग करावा असे सांगितले गेले होते, त्या स्वदेशीचे आयुष्य धरणाच्या भिंतीपेक्षा पुष्कळच कमी निघाले.

१७/
या म्हणण्यावर आक्षेप येतील, आणि ते यावेतच.

पहिला : बॉम्बे हाउस ही केवळ इमारत आहे, तिच्यावर धरणाचे ओझे कशाला? उत्तर असे, की कचेरी ही घर किंवा देऊळ यांच्यासारखी नसते. कचेरीचा इतिहास म्हणजे तिथे काय ठरले याचा इतिहास. मुळशीच्या पैशातून बॉम्बे हाउस बांधले, असे इथे कोणी म्हणत नाही. तसे म्हणायला आधार नाही. मुळशीचा निर्णयही नव्या इमारतीत शिरण्याच्या आधी, जुन्या कचेरीत झालेला. पण धरणाची शेवटची तीन वर्षे, भिऱ्याची सुरुवात आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांचा कारभार याच पत्त्याशी बांधलेला आहे. कमानींचे वर्णन करायला चार परिच्छेद मिळत असतील, तर खोऱ्याला एक मिळायला हरकत नसावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आजचे निकष कालच्या लोकांना लावू नका. विस्थापन, पुनर्वसन, संमती हे शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी होते? हा आक्षेप विद्यार्थी फार लवकर मान्य करतात, कारण तो शहाणपणाचा वाटतो. इथे तो लागू होत नाही. निकष आजचा नाहीच. तो १९२१ सालच्या रामनवमीला धरणाच्या जागेवर बसलेल्यांचा आहे. जमीन मालकाच्या संमतीशिवाय घेऊ नये, हे त्यांनी तेव्हाच, तिथेच, मराठीत सांगितले होते. उशीर कायद्याला झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, ही अट संसदेत मंजूर झाली २०१३ साली. मुळशीनंतर ९२ वर्षांनी.

१८/
तिसरा आक्षेप असा येतो, की टाटांनी रुग्णालये, संशोधनसंस्था, शिक्षणसंस्था उभारल्या, मग एवढ्या एका धरणासाठी त्यांना का धरायचे? धरायचे नाहीच. टाटा मेमोरियलमध्ये बरे झालेल्या माणसाचे ऋण खरे आहे, आणि खाचर गेलेल्या माणसाचे दुःखही खरे आहे. इतिहास हा ताळेबंद नव्हे, की एका रकान्यातून दुसरा वजा करावा. उलट ज्या समूहाची कीर्ती इतकी घट्ट आहे, त्याच्या इतिहासात मुळशी मोकळेपणाने लिहिता आली पाहिजे. तिने कीर्ती ढासळेल अशी भीती टाटांपेक्षा त्यांच्या चाहत्यांनाच अधिक वाटते, असे प्रतिक्रिया वाचताना जाणवते.

१९/
मुंबईत मुळशीची खूण अजिबात नाही, असे नाही. ती आहे, फक्त ओळखता यायला हवी. माहीमहून लोअर परळकडे जाणारा, गिरण्यांच्या भिंतींना लागून गेलेला रस्ता पूर्वी तुळशी पाइप रोड म्हणून ओळखला जाई. आज तो सेनापती बापट मार्ग आहे. ज्या गिरणगावाला वीज मिळावी म्हणून मुळशी बुडाली, त्याच गिरणगावातून मुळशीच्या सेनापतीचा रस्ता जातो. नाव देणाऱ्यांच्या मनात हे असेल असे वाटत नाही. गिरण्याही गेल्या. आता त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना काचेच्या कचेऱ्या आहेत.

२०/
दुसरी खूण बॉम्बे हाउसपासून आणखी जवळ, चालत काही मिनिटांवर. हुतात्मा चौकातील स्मारकात शेतकरी आणि कामगार एकच मशाल धरून उभे आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात म्हातारे बापटही होते. त्या दोन पुतळ्यांकडे पाहताना मुळशी आठवली, तर चित्र थोडे हलते. १९२१ मध्ये शेतकऱ्याला सांगितले गेले होते, की गिरणीतील कामगाराच्या पोटासाठी तू खाचर सोड. आणि तो कामगार बहुधा कोकणातल्या किंवा घाटावरच्या कुठल्या तरी गावात आपले खाचर किंवा वावर मागे ठेवूनच आलेला होता.

२१/
आता हा धागा जिथून सुरू व्हायला हवा होता तिथे येऊ. नेरे, तालुका मुळशी.

नेरे बुडाले नाही. ते तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडे आहे. मारुंजी, कासारसाई ही शेजारची नावे. हिंजवडी काही किलोमीटरवर. तालुक्याचे नाव मुळशी, तहसील कचेरी पौडला, आणि ज्या खोऱ्यावरून नाव आले त्यातली जुनी गावे जलाशयाखाली. बॉम्बे हाउस जसे ‘बॉम्बे’ हे नाव जपून आहे, तसे नेऱ्याच्या प्रत्येक सातबाऱ्यावर ‘मुळशी’ लिहिलेले असते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही, हे नैसर्गिक आहे. नावे अशीच टिकतात, आतले सगळे गळून गेल्यावर.

२२/
नेऱ्याच्या आजच्या मुलांचे आयुष्य धरणाने नव्हे, कचेऱ्यांनी बदलले. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी, माण भागात जमिनी घेतल्या, राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले, आणि एकेकाळी भात आणि ऊस पाहणाऱ्या शिवारांना इमारतींचे क्षितिज आले. तिसऱ्या टप्प्यात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे जे मोठे संकुल आहे त्याचे नाव ‘सह्याद्री पार्क’. ज्या सह्याद्रीच्या पावसावर समूहाने वीज उभी केली, त्याच तालुक्यात शंभर वर्षांनी त्याच समूहाची कचेरी, त्याच डोंगराचे नाव घेऊन.

यात कट वगैरे काही शोधू नये. या नोकऱ्यांनी कितीतरी घरे वर आली, जमिनीच्या पैशाने काही वर आली आणि काही बसलीही. प्रश्न वेगळा आहे. या इमारतींचा इतिहास पुढे कोणी लिहील, तेव्हा त्यात काय असेल? वास्तुरचनाकाराचे नाव असेल. उद्घाटनाची तारीख असेल. किती चौरस फूट, किती कर्मचारी, हेही असेल. त्या जागेवर आधी कोणाचे वावर होते, कोणत्या विहिरीवर मोट चालायची, पैसे कधी आले आणि कुठे गेले, हे असेल का? ते ठाऊक असलेली माणसे अजून गावात आहेत. दुपारी देवळाच्या पारावर भेटतात.

बॉम्बे हाउसच्या बाबतीत ही संधी गेली. धरणाच्या जागेवर बसलेले बाराशे जण कोण होते, त्यांतल्या बहुतेकांचे आवाज आपल्यापर्यंत आले नाहीत. बापटांचे आले, भुस्कुट्यांनी स्वतः लिहून ठेवले म्हणून त्यांचे आले.

२३/
बॉम्बे हाउसमध्ये नूतनीकरणानंतर समूहाचा इतिहास मांडणारे दालन झाले आहे. जुलै २०२४ मध्ये इमारतीला शंभर वर्षे झाली आणि भरपूर लेख आले. विटेट आला, मालाडचा दगड आला, कुत्री तर आलीच. मुळशी सत्याग्रहाची शताब्दी रामनवमी २०२१ ला होऊन गेली. तेव्हा महासाथ होती, हे कारण काही अंशी खरे. पण शंभर वर्षांपूर्वीच्या या दोन गोष्टी एकाच लेखात, एकाच माणसाच्या हातून लिहिल्या जाणे अजून विरळाच आहे. कंपन्यांचा इतिहास लिहिणारे एकीकडे, चळवळींचा लिहिणारे दुसरीकडे, आणि दोघांची पुस्तके ग्रंथालयात वेगवेगळ्या कपाटांत.

२४/
ती कपाटे जवळ आणणे खरे तर अवघड नाही, विशेषतः पुणे जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना. टाटा समूहाचे मध्यवर्ती अभिलेखागार मुंबईत नाही, पुण्यात आहे, मंगळदास रस्त्यावर. बॉम्बे हाउसमधून चालणाऱ्या कारभाराचे जुने कागद पाहायचे, तर मुंबईची गाडी पकडायची गरज नाही. आणि मुळशीची बाजू ज्या ‘केसरी’च्या अंकांतून गाजली, त्याचा वाडा नारायण पेठेत. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत रिक्षाने अर्धा तासही लागत नाही. नेऱ्याहून निघणाऱ्याला हिंजवडीची वाहतूक पार करायलाच त्याहून अधिक वेळ जातो, तेव्हा सकाळी लवकर निघावे आणि वही सोबत ठेवावी.